घरातला दुसरा चाकू

त्या घरात घडीचा चाकू एकच होता, आणि नवऱ्याशिवाय त्याला कोणी हात लावायचा नाही हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. चाकू त्याच्या बापाचा. लाकडी मूठ झिजून झिजून उजव्या तळव्यात बरोबर बसेल अशी झालेली, पातं टोकाशी आत वळलेलं, बिजागरीपाशी अंजिराचा चीक साचून काळं पडलेलं. रोज संध्याकाळी अंगणातल्या दगडावर बसून तो पात्याला धार लावायचा, तेलाचा एक थेंब सोडायचा, चाकू मिटायचा आणि दाराच्या चौकटीवर ठेवायचा. त्या चाकूने कधी सुतळी कापली नाही की कांदा चिरला नाही. एकदा त्याची आई पोत्याचं तोंड उघडायला तो चाकू घेऊन बसली, तर त्याने दिवसभर तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "बायकोला तरी एवढं जपतो का बघा," असं म्हातारी मग आठवडाभर सांगत फिरली.

उंचीमुळे त्याला बागेत सगळे शिडी म्हणायचे, आणि पडला तोही शिडीवरूनच. अंजिराची पानं गळून झाडं नुकती उघडी झाली होती. चढावरच्या पट्ट्यातल्या कोपऱ्याच्या झाडाला शिडी लावून तो चढला, ज्या फांदीला धरलं ती फांदीच त्याच्याबरोबर खाली आली. मनगट अंगाखाली सापडलं. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, पण बोटांत पकड यायची नाही, चमचा धरता आला तरी पुष्कळ. यातलं पहिलं वाक्य त्याने ऐकलं आणि दुसरं तिथेच खुर्चीवर सोडून घरी आला. तेव्हापासून तो रोज चौकटीवरचा चाकू काढायचा, उजव्या मुठीत ठेवायचा, डाव्या हाताने एकेक बोट त्याच्यावर मिटवायचा. हात सोडला की बोटं पुन्हा उघडायची आणि चाकू मांडीवर पडायचा.

बायको हे चुलीपाशी बसून बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

ती लग्न होऊन आली तेव्हापासून बागेत जात होती, पण तोडलेल्या काड्या गोळा करायला आणि कापलेल्या जागी लेप लावायला. छाटणी पुरुष करायचे. बायकांनी करायची नाही असा काही नियम नव्हता, फक्त कोणी केलेली नव्हती. मोठ्या फांद्या करवतीने पाडायच्या, आणि बारीक काड्या व करवतीची खरबरीत जखम चाकूने साफ करायची, अशी त्या बागेची पद्धत. कात्री चालत नसे. अंजिराचं लाकूड मऊ, आतून भेंडासारखं, कात्रीच्या दाबाने ते चेंगरतं आणि तिथून काडी सडत खाली येते. त्यामुळे छाटणीवाला म्हणजे त्याचा चाकू, आणि ज्याचा चाकू चांगला त्याला बागेचा चांगला पट्टा.

चढावरचा पट्टा बागेतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला. सासऱ्यापासून तो याच घराकडे होता. हंगामाची निम्मी भाकर त्या एका पट्ट्यावर निघायची.

बागेचा मुकादम स्वतः घरी आला तेव्हाच तिला कळलं की गोष्ट पट्ट्याचीच आहे. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. शिडीच्या हाताकडे त्याने एकदा बघितलं आणि मग भिंतीकडे बघून बोलत राहिला.

"काड्यांचे डोळे फुगायला लागले की छाटणी संपली. मला थांबता येत नाही. खालच्या वस्तीची टोळी तयार आहे."

"मी येतो सोमवारपासून," शिडी म्हणाला.

मुकादमाने चपलेने उंबऱ्याबाहेरची माती सारखी केली. 

"मी येते," ती म्हणाली. "उद्यापासून. एक ओळ द्या. जमलं तर पट्टा आमच्याकडे राहू दे, नाही जमलं तर टोळीला द्या."

मुकादमाने डोकं खाजवलं. "वहिनी, लेप लावणं वेगळं."

"माहीत आहे. कुठे कापलेलं चांगलं आणि कुठे वाईट हे लेप लावणाऱ्याइतकं कोण बघतं? तुम्ही तरी प्रत्येक जखमेला बोट लावता का?"

तो हसला, हसला म्हणजे निम्मं काम झालं. "या उद्या."

रात्रीचं जेवण झाल्यावर नवरा उठला. मग चौकटीवरचा चाकू काढून तिच्यापुढे ठेवला. "हा ने. माझ्या जागेवर जातेयस तर माझा चाकू ने. हात बरा होईपर्यंत."

यात किती मान होता ते तिला कळत होतं. तिने चाकू पदरात घेतला.

सकाळी झाडांवर दव होतं आणि मूठ हातात गार लागली. पहिल्याच काडीला तिला कळलं की काहीतरी चुकतंय. ती डावखुरी. डाव्या हातात चाकू, उजव्या हाताने काडी धरलेली, काडीच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटायच्या गाठीच्या, जरा वर तिरकं पातं ठेवलं आणि ओढलं. पातं निम्म्यापर्यंत गेलं आणि मग लाकूड सोडून वरच्या अंगाला निसटलं. जाताना सालीची लांब पट्टी ओढून घेऊन गेलं. चीक बाहेर आला, पांढरा, तिच्या मनगटावर ओघळला. दुसऱ्या काडीचंही तेच. तिसरीला तिने जोर वाढवला, तर डोळाच उडाला.

खाली काड्या गोळा करणाऱ्या बायका, कालपर्यंत तिच्याबरोबर वाकलेल्या, आता मान वर करून बघत होत्या. एक म्हणाली, "अगं, काप. सोलतेयस काय?" दुसरीने हसू पदरात लपवलं, तेही दिसेल असं.

तिने चाकू उजव्या हातात घेतला. उजव्या हाताला तिने आयुष्यात धरण्याचंच काम दिलेलं, कापण्याचं नाही. पातं घसरलं आणि डाव्या अंगठ्याच्या पेरावर बसलं. रक्तात चीक मिसळला की जी आग होते ती ज्याला झाली त्यालाच ठाऊक. फडकं गुंडाळून तिने ओळ पुढे रेटली, कारण खाली उतरली असती तर पुन्हा चढू दिलं नसतं.

दुपारी मुकादम आला. झाडापुढे उभा राहून त्याने एका जखमेवरून अंगठा फिरवला, मग दुसरीवरून.

"वहिनी, हे कापलंय की चावलंय?"

तिने फडक्याची गाठ ओढून घट्ट केली.

"मागच्या ओळीतल्या माणसाला सांगतो, ही ओळ तो साफ करेल." आवाज वाईट नव्हता आणि म्हणूनच जास्त लागला. "परवा सकाळी मला टोळीला हो किंवा नाही सांगायचंय."

"परवा सकाळपर्यंत मी हो किंवा नाही सांगते," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीवर. तुमच्यासमोर."

तिच्या देखत त्या माणसाने तिचं प्रत्येक कापणं पुन्हा कापलं. ती खालून लेप लावत होती. त्याच्या हातात तसलाच चाकू, तसलंच वळलेलं टोक, आणि काडी एका ओढीत लोण्यासारखी वेगळी व्हायची. तिने त्याचा हात बघितला, पाय बघितले, काडी कशी धरतो ते बघितलं. सगळं ती करत होती तसंच होतं, फक्त आरशात बघावं तसं उलटं. लाज वाटत होतीच, पण लाजेच्या खाली एक चिवट शंका होती आणि ती शंका घेऊन ती घरी आली.

नवऱ्याने चाकू उघडून पातं तपासलं. "धार तर आहे."

"धार आहे."

"मग हात चुकतोय. उजव्याने कर."

तिने फडकं बांधलेला अंगठा पुढे केला.

म्हातारी कोपऱ्यातून म्हणाली, "हिच्या आईने लहानपणी हिचा डावा हात बांधून ठेवायला हवा होता. मी स्थळ आलं तेव्हाच म्हटलं होतं, मुलगी सगळी बरी आहे, पण उलट्या हाताची आहे."

"आणि तुम्ही रोज या उलट्या हाताने सोललेले बटाटे खाता," ती म्हणाली. हातातली सुरी थांबली नव्हती. ती बोलत असतानाच बटाट्याची साल एकसंध, पातळ, खाली उतरत होती. तिचं लक्ष तिकडे गेलं आणि ती थबकली. सुरीने सगळं नीट होतं. मग हात कसा चुकतो?

तिने सुरी खाली ठेवली. "मी चाकू विकत आणणार आहे. उद्या बाजारातून."

नवऱ्याने हातातला चाकू मिटला. "घरात चाकू आहे."

"तो तुमचा आहे."

"म्हणूनच तुला दिलाय."

"दिलात. मला चालवता येत नाही. तुमची मूठ आहे ती, माझ्या तळव्यात नुसती फिरते."

तो उठला. उंच माणूस, त्या घरात उभा राहिला की घर लहान व्हायचं. "घरात दुसरा चाकू आला म्हणजे काय, माहीत आहे ना? बाप म्हातारा होऊन खाली बसला तेव्हा त्याने आपला चाकू मला दिला. मी दुसरा आणला नाही. तो बसेपर्यंत थांबलो. उद्या तू स्वतःचा चाकू घेऊन बागेत गेलीस की सगळे म्हणणार, शिडी बसला."

छाटणीच्या घरांत हे असंच होतं. काम करणारा असेपर्यंत घरात एक चाकू. दुसरा आला की पहिला निवृत्त. कोणी बोलून दाखवायचं नाही, पण बघायचे सगळे.

तिला त्याची दया आली, आणि दयेचा राग आला. "म्हणू देत," ती म्हणाली. "पट्टा गेल्यावर काय म्हणतील ते जास्त वाईट असेल."

"मी सोमवारी जाणार आहे."

"जा ना. तुमचा चाकू चौकटीवर आहे. मी त्याला हात लावणार नाही."

रात्री तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तिने बागेतून आणलेल्या हिरव्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवल्या.

हत्यारांचं दुकान बाजाराच्या टोकाला, खिळ्यांच्या आणि दोरखंडांच्या दुकानांमध्ये चेपलेलं. आत गंज, तेल आणि नव्या लाकडाचा वास. फावडी, कुदळी, करवती भिंतीवर, आणि चाकू काचेखाली, मखमलीच्या फाटक्या तुकड्यावर, जणू दागिनेच. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून, तो कुठे गेला म्हणून शोधत होता.

"कपाळावर आहे, काका," ती म्हणाली.

"अरे हो." चष्मा खाली आला. "काय दाखवू, ताई?"

"छाटणीचा चाकू. घडीचा."

"मालकांसाठी?"

"माझ्यासाठी."

"बरं. बागेसाठी की घरासाठी? घरासाठी हा बघा, हलका आहे, रंग छान आहे."

"दोन्हीसाठी. मी पण दोन्हीकडे असते."

त्याने काचेखालून पाच-सहा काढून मांडले. पहिला चकचकीत, त्यात चाकू, कात्री, बाटली उघडायचं, स्क्रू फिरवायचं, सगळंच होतं. "यात संसार आहे पूर्ण," दुकानदार म्हणाला.

"संसार आहे माझ्याकडे. चाकू हवाय."

दुसऱ्याचं पातं उघडल्यावर तिने उलट्या बाजूने बोटाने दाबलं. पातं लगेच मिटायला लागलं. पातं उघडं धरून ठेवणारी कडी नव्हती त्याला. काडीत अडकला की बोटांवर मिटणार. तो तिने बाजूला सारला. तिसऱ्याची मूठ गुळगुळीत प्लॅस्टिकची. तिने पिशवीतल्या ओल्या फडक्यावर तळवा ओला करून ती धरली, ती मासळीसारखी सुटली. चौथा लाकडी मुठीचा, घट्ट कडीचा, टोक वळलेलं. मूठ तिच्या हातात भरली. तिने पिशवीतून फडकं काढलं आणि काड्या काउंटरवर ठेवल्या.

"हे काय?"

"काडी कापून बघते."

"ताई, कापून बघितलेला चाकू मी दुसऱ्याला कसा विकू?"

"आवडला तर दुसऱ्याला विकायचा प्रश्नच नाही. नाही आवडला तर पुसून देते. कांद्याला लावत नाहीये, काका, काडीला लावतेय."

दुकानदाराने खुर्ची ओढली आणि बसला. गिऱ्हाईक कमी होतं, करमणूकही कमी होती.

तिने डाव्या हाताने ओढलं. पातं निम्म्यापर्यंत गेलं आणि वर निसटलं. सालीची पट्टी सुटली. काल जसं, तसंच.

 म्हणजे खरंच हातच. सासू म्हणते तो उलटा हात. नवी मूठ, नवी धार, आणि हात तोच. क्षणभर तिला वाटलं, काड्या गोळा कराव्या आणि घरी जावं, त्यांना सांगावं की चाकू तुमचाच राहील आणि पट्टा टोळीला जाईल.

पण पाचवा चाकू अजून तिथे होता. सगळ्यांत साधा, मूठ फिकट लाकडाची, अजून कोणाच्या हाताने काळी न झालेली. तिने तो उचलला. पातं उघडायला नख अडकवायची खाच एकाच बाजूला होती, तिने तिच्या नादी न लागता पातं चिमटीत पकडून ओढलं. काडी धरली. ओढलं.

काडीचा तुकडा टपकन काउंटरवर पडला. कापलेली जागा तिरकी, ओली, सपाट. साल कडेपर्यंत शाबूत.

तिने दुसरी काडी कापली. तिसरी. मग दोन्ही चाकू उघडे शेजारी ठेवले आणि डोळे बारीक करून धारेच्या बाजूने बघितलं. चौथ्याचं पातं एका बाजूने घासून उतरतं केलेलं होतं, दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. पाचव्याला दोन्ही बाजूंनी सारखा उतार होता.

"काका, हा एकाच बाजूने का घासलाय?"

"छाटणीवाले तसाच मागतात. सपाट बाजू झाडाला टेकते, साफ निघतं. उजव्या हातात धरला की..." तो बोलता बोलता थांबला आणि तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. "तुम्ही डावखुऱ्या."

"हो." ती चौथा चाकू डाव्या हातात धरून बघत होती. उताराची बाजू झाडाकडे. सपाट बाजू हवेत. पातं निसटणार नाही तर काय करणार?

घरचा चाकू तिच्या डोळ्यांपुढे आला. सासरा दगडावर एकाच बाजूने घासायचा. म्हणून नवराही एकाच बाजूने घासायचा, रोज संध्याकाळी, इतकी वर्षं. ती समोर बसून भाजी निवडत बघायची आणि तिला काही वाटलं नाही. त्यांनाही नाही. चूक शोधायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिच्या हातातच शोधली, आणि मघाशी तिनेही.

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. दुकानदाराने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला, बहुतेक बघायला नको म्हणून.

"हा द्या," ती म्हणाली. "कागदात बांधू नका. असाच नेते."

घरी येईपर्यंत तिने नव्या चाकूने पिशवीची सुटलेली दोरी कापली, अंगठ्यावरची पट्टी नीट केली आणि आल्यावर बटाटे सोलले. म्हातारीने सगळं बघितलं.

"छाटणीच्या चाकूने बटाटे?"

"माझा आहे. मी सांगेन ते करेल."

नवरा बाहेर दगडावर बसला होता. तिने त्याला धारेचं सगळं सांगितलं, सपाट बाजू, उतार, तिचा हात. त्याने ऐकलं. आपला चाकू उघडून एकदा पात्याकडे बघितलं आणि मिटला. "बाप असाच घासायचा," एवढंच म्हणाला. तिच्या चाकूकडे त्याने मान वळवली नाही.

परवाची सकाळ आली. मुकादम ओळीच्या टोकाला हात मागे बांधून उभा राहिला. काड्या गोळा करणाऱ्या बायकाही त्या दिवशी जरा हळू काम करत होत्या.

"कुठली ओळ देऊ?" त्याने विचारलं.

"चढावरची. कोपऱ्यापासून."

कोपऱ्याचं झाड म्हणजे नवरा पडला ते. मोडलेल्या फांदीचा खुंट अजून तसाच होता, फाटका, दातेरी कडा वर आलेल्या, पावसापाण्याने करडा पडलेला. इतक्या दिवसांत कोणीच त्याला हात लावला नव्हता. तिने शिडी लावली, पायाने दोनदा हलवून बघितली आणि चढली.  ती घाबरली होती, आणि घाबरलेली असतानाच तिने करवत लावली. खुंट खाली पडला. मग तिने चाकू काढला, चिमटीने उघडला, कडी बसल्याचा आवाज ऐकला, आणि करवतीने खरबरीत झालेली जागा कडेकडेने साफ करायला लागली. पातं लाकडाला चिकटून चाललं. पातळ चकत्या निघून तिच्या छातीवर, पदरावर पडत होत्या.

मग काड्या. डोळा बघायचा, बाहेरच्या अंगाचा. त्याच्या वर नखभर जागा. तिरकं पातं, एक ओढ. चीक मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि खाज सुटली. तिने खाजवलं नाही. मान आखडली, अंगठ्याची जखम पट्टीखाली ठणकत राहिली. चिकाने बिजागरी आवळायला लागली की ती चाकू कमरेच्या तेलकट फडक्यात पुसायची आणि पुढे. एका झाडावरून दुसऱ्यावर, शिडी स्वतः उचलून. कोणी उचलू लागायला आलं तर ती म्हणायची, "राहू दे, ही पण माझीच आहे."

ज्या बाईने परवा सोलतेयस का म्हणून विचारलं होतं ती खाली लेपाचा डबा घेऊन उभी होती. "अगं," ती हळूच म्हणाली, "लेप लागतच नाहीये फारसा. एवढासा लावला की पसरतो."

मुकादम ऊन वर आल्यावर पुन्हा फिरला. कोपऱ्याच्या झाडापाशी तो थांबला. त्या खुंटाच्या जागी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. अंगठा कशालाच अडला नाही. बरोबरच्या पोऱ्याला नाही, तिला ऐकू जाईल अशा बेताने तो स्वतःशीच म्हणाला, "टोळीला निरोप पाठवायला हवा, येऊ नका म्हणून."

ती शिडीवरून खाली बघत राहिली. "पट्टा कोणाच्या नावावर लिहिणार?"

"नावावर? घराच्याच की. तुमच्या घराच्या."

"घरातल्या कोणाच्या?"

मुकादमाने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या चाकूकडे. "ज्याचा चाकू त्याच्या," तो म्हणाला आणि पुढच्या ओळीकडे गेला.

संध्याकाळी ती काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन घरी आली. अंगणात तो टाकला आणि दगडावर बसली. हात चिकाने काळे, बोटं मिटत नव्हती. नवरा दारात उभा होता. बातमी तिच्या आधीच घरी आली होती. अशा बातम्या वाटेत थांबत नाहीत.

"कोपऱ्याच्या झाडावर चढलीस?" त्याने विचारलं.

"चढले. खुंट काढला. साफ केला."

तो उंबरा उतरून खाली आला. मग तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि डावा हात पुढे केला. "दाखव."

तिने चाकू त्याच्या तळव्यावर ठेवला. तो उघडायला गेला. उजवी बोटं पात्यावर आली आणि सुटली. पुन्हा आली, पुन्हा सुटली. त्याच्या कपाळावर घाम आला. ती मदतीला धावली नाही. तिने फक्त म्हटलं, "मूठ गुडघ्यांत दाबून धरा. आणि डाव्याने पातं चिमटीत पकडा. मी पण हात चिकट झाले की तसंच करते."

त्याने गुडघ्यांत मूठ धरली. पातं उघडलं. कडी बसली. चाकू डाव्या हातात घेऊन त्याने भाऱ्यातली एक काडी ओढली, उजव्या कोपराखाली दाबून धरली आणि कापली. हात अडाणी होता, लहान मुलाचा असतो तसा. पण पातं लाकडाला चिकटून गेलं आणि तुकडा खाली पडला.

त्याने कापलेली जागा डोळ्यांजवळ नेली. दुसरी काडी घेतली. मग तिसरी. म्हातारी दारात येऊन उभी राहिली. कितीतरी वर्षं डाव्या हाताबद्दल बोलत आलेली बाई, पोराचा डावा हात चालताना बघत होती. शेवटी म्हणाली, "दिवा आणू का? नीट दिसत नाही तुम्हाला," आणि आत गेली.

त्याने चाकू पुसला, पुन्हा गुडघ्यांत धरून मिटला, आणि मूठ तिच्याकडे करून परत दिला. मग उठून चौकटीवरून आपला चाकू काढला, तेलाचा थेंब सोडला, उजव्या मुठीत तो आज ठेवून बघितला नाही. जुन्या कपड्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवून आला.

तो परत येऊन बसला. त्याचं दुःख तिला दिसत होतं आणि ते कमी करणारं काही तिच्याकडे नव्हतं.

"बापाच्या चाकूला दुसऱ्या बाजूने घासलं तर?" त्याने विचारलं.

"पातं उरायचं नाही. राहू दे तो तसाच."

"मग हा तुझा..."

"माझा मी देणार नाही," ती म्हणाली. "उद्या बाग लवकर सुटेल. बाजारात जाऊ. तुमचा तुम्ही निवडा. तुमचा हात मोठा आहे, मूठ जाड लागेल."

 आतून म्हातारी दिवा घेऊन आली. त्या उजेडात त्याने भाऱ्यातल्या काड्या एकेक वाकवून बघितल्या, वाळक्या बाजूला टाकल्या आणि हिरव्या, सरळ अशा मूठभर वेगळ्या काढल्या. त्या डाव्या हाताने नीट जुळवून तिच्यापुढे ठेवल्या.

"फडकं ओलं करून आण," तो म्हणाला. "उद्या बाजारात जाईपर्यंत वाळायला नकोत."